ठिपक्यांची रेघ

गणपती झाले आणि आम्ही फ्लॅट बघायला लागलो. मी आणि मुक्ता. जानेवारीत लग्न होतं, त्याआधी घराचं काहीतरी ठरवायचं होतं. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका बिल्डरच्या ऑफिसात आम्हाला थंडगार पाणी दिलं, सोफ्यावर बसवलं आणि समोरच्या भिंतीएवढ्या नकाशावर लेझर फिरवत तिथल्या मुलाने सांगितलं, "सर, हे तुमचं मेट्रो स्टेशन. चालत चार मिनिटं."

नकाशावर जांभळ्या ठिपक्यांची एक रेघ होती. कल्याणहून निघून डोंबिवलीच्या बाजूने तळोज्याकडे जाणारी. खाली बारीक अक्षरात 'प्रस्तावित' असं लिहिलं होतं.

"कधी होणार?" मी विचारलं.

"काम चालू झालंय ना, सर. पझेशनच्या आसपास मेट्रो पण येईल. म्हणून तर रेट आत्ता हा आहे. मेट्रो आली की हा रेट मिळणार नाही."

टोकन रविवारपर्यंत भरायचं होतं. रिक्षात मुक्ता म्हणाली, "चार मिनिटं म्हणजे कुठून मोजली रे? स्टेशनचा खांब तरी आहे का तिथे?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. प्रश्न पडला की आम्ही एक्सेल उघडतो. त्या रात्री मी चार कॉलम केले : रेल्वेमार्ग, कागदावर आला ते साल, गाडी धावली ते साल, मधली वर्षं. नकाशावरच्या ठिपक्यांची रेघ सलग व्हायला आपल्या भागात खरोखर किती वेळ लागतो, एवढंच शोधायचं होतं. रविवारपर्यंत मी त्या कॉलममधून दीडशे वर्षं मागे जाऊन पोहोचलो.

रूळ आधी, माणसं नंतर

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. ती गाडी कोणासाठी होती, हे मात्र शाळेत कोणी विचारत नाही. ती ऑफिसला जाणाऱ्यांसाठी नक्कीच नव्हती. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखे मुंबईकर आणि लंडनमधले भांडवलदार यांचा डोळा घाटावरच्या कापसावर होता. ठाणे हा फक्त पहिला टप्पा. पुढे १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोहोचली आणि मग बोरघाटाकडे वळली.

पश्चिमेकडची कंपनी म्हणजे बीबीसीआय. तिने तर गुजरातेतून रूळ टाकत टाकत मुंबई गाठली. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत तिची रोजची एक गाडी सुरू झाली. सकाळी एक जाणार, संध्याकाळी एक परत येणार. आज विरार लोकलमध्ये चढायला ज्या युक्त्या लागतात त्या ठाऊक असलेल्या माणसाने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. दिवसाला एक गाडी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं, मिठागरं, ताडाची झाडं.

म्हणजे आपल्याकडे रूळ आधी आले. शहर नंतर त्यांच्या कडेने उगवत गेलं. १८९६ मध्ये प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट मेली, आणि १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. या ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत रस्ते आखून प्लॉट पाडले. तिथे वस्ती होऊ शकली याचं एक कारण म्हणजे रेल्वे आधीच शेजारून जात होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला ही हार्बरवरची देशातली पहिली विजेची गाडी धावली. १९२८ मध्ये पश्चिमेकडेही वीज आली. वाफेच्या इंजिनापेक्षा विजेची गाडी चटकन वेग घेते आणि चटकन थांबते, म्हणून जवळजवळ स्टेशनं असलेल्या मार्गावर तेवढ्याच रुळांवर जास्त गाड्या सोडता येतात. उपनगरं राहण्याजोगी झाली ती या साध्या गोष्टीमुळे.

आमच्या भाषेत सांगायचं तर तेव्हा सर्व्हरची क्षमता युजरपेक्षा कितीतरी जास्त होती. इंग्रज दूरदृष्टीचे होते असं मला म्हणायचं नाही. त्यांना माल न्यायचा होता, माणसं आपोआप आली. पण निदान तेव्हा रेघ सलग होती.

माणसं आधी, रूळ नंतर

फाळणीनंतर चित्र उलटं झालं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. १९५१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची वस्ती तीस लाखांच्या आसपास होती, १९७१ मध्ये ती साठ लाखांच्या घरात गेली. वीस वर्षांत दुप्पट. रूळ मात्र दुप्पट झाले नाहीत.

हे कोणाला दिसत नव्हतं असं नाही. १९४८ मध्ये नगर अभियंता मोडक आणि अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईचा आराखडा मांडला होता. १९६२ मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकन कंपनीकडून वाहतुकीचा अभ्यास करून घेतला गेला. त्यात समुद्राकाठून जाणाऱ्या मोठमोठ्या द्रुतगती रस्त्यांची स्वप्नं होती. कोस्टल रोडचं खापरपणजोबापण तिकडे जातं. १९९४ मध्ये ॲटकिन्स या ब्रिटिश कंपनीने केलेल्या अभ्यासाने भर दिला सार्वजनिक वाहतुकीवर. पण १९९६ मध्ये राज्य सरकारने रस्ते विकास महामंडळ काढलं आणि शहरात पन्नासच्या आसपास उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला. उड्डाणपूल दोन-तीन वर्षांत उभा राहतो, त्याची फीत कापता येते. रेल्वेचा पाचवा-सहावा मार्ग टाकायला पंधरा वर्षं लागतात आणि तो झाल्यावर फोटोत काहीच दिसत नाही.

दुसरी अडचण मालकीची. लोकल रेल्वे मंत्रालयाची, म्हणजे दिल्लीची. जमीन कुठे कशी वापरायची हे राज्य सरकार आणि महापालिका ठरवणार. बस बेस्टची. गर्दी कोणाची, तर कोणाचीच नाही. टॉवरला परवानगी देणारा आणि त्या टॉवरमधल्या माणसांना गाडी देणारा, असे दोघे एका टेबलावर बसायची सोयच नव्हती. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन निघालं, त्यात ५१ टक्के वाटा रेल्वेचा आणि ४९ टक्के राज्याचा. पहिल्या गाडीनंतर १४६ वर्षांनी दोघे एका कंपनीत भागीदार झाले.

माझे बाबा याच मधल्या काळात डोंबिवलीला आले. १९८६ साली. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत नऊ माणसं होती आणि बाबांचं लग्न ठरलं होतं. त्यांचं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. चाळीतून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागायची. डोंबिवलीहून व्हीटी अठ्ठेचाळीस किलोमीटर. चौतीस वर्षं ते गाडीने गेले. रोज जाऊन-येऊन तीन तास धरले आणि सुट्ट्या वजा केल्या, तरी मी काढलेला आकडा तीन वर्षांच्या वर जातो. अखंड, दिवसरात्र, तीन वर्षं. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यातली निम्मी पत्त्यांत गेली. ती धरू नकोस."

रेल्वेच्या भाषेत या गर्दीला एक नाव आहे : 'सुपर डेन्स क्रश लोड'. डब्याच्या एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. एक चौरस मीटर म्हणजे किती, ते घरातल्या फरशीवर खडूने आखून बघा. मी आखलं होतं. आम्ही घरातले चौघं त्यात उभे राहिलो आणि आईने लगेच बाहेर पाऊल टाकलं.

जमिनीतून आलेली रेल्वे

माझ्या तक्त्यात सगळ्यात वेगळी निघाली ती वाशीची ओळ.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकात एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेला ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवा. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, त्यासाठी सिडको स्थापन झाली. १९७३ मध्ये ठाणे खाडीवर रस्त्याचा पूल झाला. पण बसने येणारं शहर काही धरेना. लोक घर घेत आणि कुलूप लावून ठेवत. रेल्वे हवी होती आणि रेल्वेकडे पैसे नव्हते.

मग जे ठरलं ते आपल्याकडे त्याआधी झालेलं नव्हतं. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलायचा, एक तृतीयांश रेल्वेने. सिडकोकडे पैसा कुठून? जमिनीतून. गाडी येणार म्हणून जमिनीची जी किंमत वाढणार, तीच विकून गाडी आणायची. स्टेशनंसुद्धा नुसते फलाट आणि पत्रे अशी बांधली नाहीत. वाशी, बेलापूरला स्टेशनाच्या डोक्यावर ऑफिसं काढली. ९ मे १९९२ ला मानखुर्दहून वाशीला लोकल गेली, पुढे बेलापूर, मग पनवेल. २००४ मध्ये ठाणे-वाशी सुरू झाली. मी रोज ऐरोलीला जातो तो याच मार्गाने. प्रवाशांनीही वर्षानुवर्षे तिकिटावर अधिभार भरून यातला आपला हिस्सा दिला.

ही कल्पना काही सिडकोची एकटीची नव्हती. जपानमध्ये कोबायाशी इचिझो नावाच्या माणसाने १९१० मध्येच रेल्वे काढली, मार्गालगतची जमीन आधी घेऊन ठेवली आणि तिथली घरं हप्त्यांवर विकली. हाँगकाँगची मेट्रो आजही स्टेशनांवरच्या इमारतींतून कमावते. तत्त्व एकच : रेघेमुळे जमिनीचा भाव वाढतो, तर त्या वाढीतून रेघेचा खर्च निघाला पाहिजे.

इथे थांबून मला त्या बिल्डरच्या ऑफिसातलं वाक्य आठवलं. "मेट्रो आली की हा रेट मिळणार नाही." म्हणजे भाववाढ इथेही होतीच. ती तर मेट्रो यायच्या आधीच आमच्याकडून वसूल होत होती. फक्त ती मेट्रोकडे जात नव्हती. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो अधिभार घेतात, तेवढाच काय तो धागा. बाकी वाढीव भाव ज्याच्या खिशात जायचा त्याच्या जातो, आणि मेट्रो बांधायला सरकार वेगळं कर्ज काढतं. ते फेडणारेही आपणच. एकाच रेघेचे पैसे आपण दोनदा देतो. एकदा बिल्डरला, ती यायच्या आधी. एकदा सरकारला, ती आल्यानंतर.

तरी सिडकोची गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही. ती जमीन पंचाण्णव गावांची होती. आगरी-कोळी शेतकऱ्यांची भातशेती आणि मिठागरं सरकारने घेतली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा इथल्या गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं सूत्र आलं. मी ज्या लोकलने ऐरोलीला जातो तिचा एक भाव त्या पाच घरांनीही दिलेला आहे. तो कुठल्याच तिकिटावर छापलेला नाही.

रेघेच्या आड आलेली घरं

रूळ टाकायचे म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा असतो, असं मला वाटायचं. तक्ता भरताना कळलं की बऱ्याचदा पहिला प्रश्न माणसांचा असतो.

नव्वदच्या दशकात मुंबईत हजारो झोपड्या रुळांना अगदी खेटून होत्या. दार उघडलं की रूळ. तिथून जाताना गाड्यांना वेग कमी ठेवावा लागे. २००० च्या फेब्रुवारीत हार्बरवर रेल्वेने पाडापाडी सुरू केली आणि सुमारे दोन हजार झोपड्या गेल्यावर ती थांबवावी लागली. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी जागतिक बँकेचं कर्ज हवं होतं आणि पुनर्वसनाशिवाय ते मिळणार नव्हतं. त्यातून एक वेगळीच पद्धत आली. 'स्पार्क', नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन यांच्या मदतीने वस्तीतल्या बायकांनी स्वतःच घरं मोजली, याद्या केल्या, कोण कुठे राहतं ते लिहून काढलं. या प्रकल्पात जवळपास एक लाख माणसं हलली. मानखुर्द, वाशी नाका, गोवंडी इथल्या इमारतींत गेली.

अनेकांना पहिल्यांदाच पक्कं घर मिळालं. आणि अनेकांची कामं दूर राहिली, मुलांच्या शाळा सुटल्या, इमारतींत उजेड आणि वारा कमी पडला. दोन्ही खरं आहे. आपली गाडी दहा मिनिटं लवकर पोहोचावी म्हणून कोणीतरी दहा किलोमीटर लांब गेलं, हे नकाशावर दिसत नाही.

माझ्या स्वतःच्या रोजच्या प्रवासात अशीच एक रेघ आहे. डोंबिवलीहून ऐरोलीला जायचं तर ठाण्याला उतरून, पूल चढून, नऊ-दहा नंबरला जाऊन दुसरी गाडी पकडावी लागते. नकाशा बघा. कळवा आणि ऐरोली अगदी शेजारी आहेत. त्रिकोणाच्या दोन बाजू आहेत, तिसरी नाही. ही तिसरी बाजू म्हणजे कळवा-ऐरोली उन्नत मार्ग, २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यातलं दिघा गाव स्टेशन बांधून २०२४ च्या जानेवारीत सुरूही झालं. पण कळव्याकडच्या बाजूला मार्गात घरं आहेत, त्यांचं पुनर्वसन अडलं आणि मार्गही अडला. ठाण्याच्या पुलावर रोज धक्के खाताना मी त्या रेघेला शिव्या घालायचो. आता घालताना थोडा थांबतो. तिथे राहणाऱ्या माणसाच्या घरीही एखादा मुलगा एक्सेल उघडून बसला असेल. त्याच्या तक्त्यात तीच रेघ असेल, फक्त त्याला ती सलग व्हायला नको असेल.

चालत्या गाडीचं काम

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र कुठल्याच जाहिरातीत नसते.

१९२५ पासून मुंबईच्या लोकल १५०० व्होल्ट डीसीवर चालत. बाकी देशात पुढे २५ हजार व्होल्ट एसी आलं. डीसीचा घोळ असा, की व्होल्टेज कमी म्हणून करंट प्रचंड लागतो, दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागतं, आणि जास्त डब्यांच्या जास्त गाड्या एकदम सोडायच्या म्हटल्या की यंत्रणा धापा टाकते. म्हणजे अख्खी वीजव्यवस्था बदलायची होती. रोज पंचाहत्तर लाखांच्या आसपास माणसं वाहणारी लोकल एक दिवसही बंद न ठेवता.

ज्याने कधी चालू सिस्टिमचा डेटाबेस रात्रीतून हलवला आहे त्याच्या पोटात हे वाचून गोळा येईल. रेल्वेवाल्यांनी आधी दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. मग रात्रीच्या तीन-चार तासांत आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये वायर, इन्सुलेटर, सिग्नल बदलत नेलं. जुन्या पुलांखाली नव्या विजेला सुरक्षित अंतर मिळेना, तिथे रूळ खाली घेतले किंवा पुलाला हात घातला. पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये पूर्ण झाली, हार्बरवरची शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि रविवारच्या मेगाब्लॉकला यथेच्छ नावं ठेवत होतो. आपल्या डोक्यावरची सगळी वीज बदलली गेली आणि मला पत्ता नव्हता.

नऊ डब्यांचे बारा आणि बाराचे पंधरा, हेही तसंच. बाराचे पंधरा म्हणजे नवा रूळ न टाकता पंचवीस टक्के जास्त जागा. लागतात काय, तर लांब फलाट, सरकवलेले सिग्नल, गाड्या उभ्या करायला जागा. नियोजन म्हटलं की आपल्याला नवीन रंगीत रेघ आठवते. जुन्याच रेघेतून जास्त काढणं हे त्याहून स्वस्त आणि कमी दिखाऊ नियोजन आहे.

पण त्यालाही मर्यादा आहे. ठाणे-दिवा पाचवा-सहावा मार्ग २००८ च्या सुमारास मंजूर झाला, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. त्यानंतर फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या थांबल्या. बाबांच्या डब्यात बोगदा आला की कोणीतरी शिट्टी मारायचं, रोज, चौतीस वर्षं. आता ती गाडी मुंब्र्यावरून जाते. ९ जून २०२५ च्या सकाळी त्याच मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकणारी माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि त्यातली काही गेली. मी त्या दिवशी नेहमीपेक्षा उशिरा निघालो होतो. आईचे अकरा मिस्ड कॉल होते.

चौदा वर्षांनी दोन रूळ वाढले. तेवढ्या वर्षांत डोंबिवलीपासून बदलापूरपर्यंत किती इमारती वाढल्या, ते मोजायला माझ्याकडे कॉलम नव्हता.

गिरगाव

शनिवारी रात्री तक्ता पूर्ण झाला. वाशी : सिडकोपासून गाडीपर्यंत २२ वर्षं. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो : २००४ चा आराखडा, २०१४ ला गाडी, १० वर्षं. नवी मुंबईची बेलापूर-पेंधर मेट्रो : २०११ ला काम सुरू, २०२३ ला गाडी, ११ किलोमीटरला १२ वर्षं. ठाणे-दिवा : १४. कुलाबा-वांद्रे हा भुयारी मार्गही २००४ च्याच आराखड्यात होता, पुढे तो सीप्झ-आरेपर्यंत वाढला. आरेच्या कारशेडवरून २०१९ मध्ये रात्रीत झाडं तोडली गेली, शेड कांजूरला न्यायचं ठरलं, कोर्टात अडकलं, पुन्हा आरेत आलं. तो शेवटचा टप्पा सुरू व्हायला तेव्हा काही दिवस उरले होते. म्हणजे २१.

सरासरी जवळपास सोळा. ही सरासरी संख्याशास्त्राच्या परीक्षेत नापास होईल हे मला कळतं. प्रत्येक ओळीची सुरुवात वेगळ्या बिंदूपासून धरली आहे. पण दिशा कळायला पुरेशी आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, ती हे लिहीपर्यंत कल्याणला पोहोचलेली नाही. आमच्या नकाशावरच्या कल्याण-तळोजा रेघेचं भूमिपूजन २०२४ मधलं. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर ठिपके सलग होईतो ते बहुतेक फिटत आलेलं असेल.

रविवारी आम्ही टोकन भरलं नाही. त्या मुलाचा फोन आला, मी खरं कारण सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, मी पण बदलापूरहून येतो."

भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली त्याच महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत, मी बाबांना घेऊन गेलो. गिरगाव स्टेशनला उतरलो. सरकते जिने, चकचकीत फरशी, एसी. बाबा वर येईपर्यंत काहीच बोलले नाहीत. वर आल्यावर त्यांनी दोन मिनिटं दिशा शोधली आणि मग सरळ आपल्या जुन्या गल्लीत शिरले. चाळ नाही. तिथे टॉवर आहे, खाली वॉचमन. त्यांच्या बरोबरीची घरं एकेक करून डोंबिवली, विरार, बोरिवलीला गेलेली. आम्ही ज्या काळात शहराबाहेर ढकललो गेलो त्या काळात इथे रेघ नव्हती. रेघ आली तेव्हा इथे आम्ही नाही, आणि परत यायची ऐपत तर अजिबातच नाही.

मी तसं बोललो. बाबा म्हणाले, "अरे, मला ऑफिसला चालतच जाता यायचं. मला मेट्रो नको होती. एक खोली हवी होती."

परतीच्या गाडीत मी तक्त्याला पाचवा कॉलम जोडला : रेघ आली तेव्हा, जे तिची वाट पाहत होते त्यातले किती तिथे उरले होते? त्या कॉलममध्ये भरायला माझ्याकडे एकच ओळ आहे, आमच्या घराची. नियोजनाच्या अहवालांत प्रवासी असतात, फेऱ्या असतात, किलोमीटर असतात. हा कॉलम मला कुठे दिसला नाही. स्टेशनाभोवतीची थोडी जमीन साध्या पगाराच्या माणसासाठी राखून ठेवायची, आणि भाववाढीचा वाटा रेल्वेकडे वळवायचा, या दोन गोष्टी रेघ काढतानाच ठरवाव्या लागतात. रेघ सलग झाल्यावर त्या ठरवता येत नाहीत. तोवर जमीन विकली गेलेली असते.

आम्ही शेवटी डोंबिवली पूर्वेला रीसेलचा फ्लॅट घेतला. इमारत बावीस वर्षं जुनी, लिफ्ट कुरकुरते, पार्किंग नाही, स्वयंपाकघर त्या सँपल फ्लॅटच्या निम्मं. स्टेशन चालत नऊ मिनिटं. मी आणि मुक्ताने घड्याळ लावून मोजलं. एकदा सकाळी, एकदा पावसात.